ठिपक्याला फुटलेलं मूळ

बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यासमोर भर दुपारी बारा वाजता अडीचशे माणसं उन्हात उभी होती, आणि ती सगळी उन्हानं होणाऱ्या कातडीच्या कर्करोगावर औषध घ्यायला आली होती. टोपी घातलेली माणसं शोधून काढावी लागत होती. एका बाईकडे छत्री होती, पण तीही तिनं मिटून काखेत धरली होती. माईकवाल्यानं सांगून ठेवलं होतं की लेपाला सावली मानवत नाही. रोग उन्हातून आला, तो उन्हातूनच परत गेला पाहिजे.

सिस्टर रस्त्याच्या पलीकडे कापसाचा गठ्ठा काखोटीला मारून उभी होती. शहराच्या दवाखान्यात ती सोळा वर्षं नोकरीला होती. तिचं खरं नाव एव्हाना तिच्या घरच्यांनाही आठवून सांगावं लागलं असतं, कारण अख्खं शहर तिला सिस्टरच म्हणायचं. रांगेतली निम्मी माणसं तिच्या ओळखीची होती. यातल्या प्रत्येकाला तिनं गेल्या सहा महिन्यांत कधी ना कधी सांगितलं होतं, की अंगावर नवा डाग दिसला, जुना तीळ वाढला किंवा जखम महिनाभर बरी झाली नाही, तर येऊन दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे. त्या पाच मिनिटांसाठी कुणालाच सवड झाली नव्हती. इथं मात्र सकाळी सातपासून माणसं तिष्ठत होती.

आत, जिथं पूर्वी बर्फाच्या लाद्या सरकवायचे, तिथल्या ओट्यावर लेपबाबा बसला होता. पन्नाशीचा, गोरटेला, आवाज मधाळ. अंगात पांढरा स्वच्छ सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं भलंमोठं भिंग. समोर टेबलावर काचेच्या बरण्यांची रांग. प्रत्येक बरणीत पिवळट पाण्यात काहीतरी काळं तरंगत होतं, आणि त्या काळ्याला बारीक बारीक पाय होते.

"ही मुळं," लेपबाबा माईकमधून सांगत होता. "डॉक्टर काय करतात? वरवर कापतात. गवत कापल्यानं गवत जातं का? मी कापत नाही. माझा लेप आत उतरतो, रोगाला शोधतो, त्याची मुंडी धरतो आणि मुळासकट बाहेर घेऊन येतो. आणि लेप शहाणा आहे बरं का. चांगली कातडी दिसली की तो तिच्या वाटेला जात नाही. हे बघा."

असं म्हणून त्यानं डब्यातला काळा लेप बोटभर घेतला, आपल्याच तळहातावर थापला, मूठ मिटली आणि डोळे मिटून काही पुटपुटला. मिनिटभरानं मूठ उघडून त्यानं हात पुसला. तळहात जसाच्या तसा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग बसच्या ड्रायव्हरला पुढं बोलावलं. त्याच्या नाकपुडीशेजारी वर्षभर एक फोड होता, खपली धरायची, पडायची, पुन्हा धरायची. दहा दिवसांपूर्वी त्याला लेप लावला होता. लेपबाबानं पट्टी सोडली, चिमटा घातला आणि हलकेच ओढलं. ड्रायव्हरनं दात आवळले. चिमट्यात बोराएवढा काळा गोळा आला, खाली पाच-सहा लोंबते पाय. लेपबाबानं तो सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. गर्दीतून एकच सुस्कारा निघाला. एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला, आणि माईकवाल्यानं घोषणा केली की आणखी एक माणूस कात्रीपासून वाचला.

सिस्टर निघणार तेवढ्यात तिला रांगेत आपला थोरला भाऊ दिसला. कानाला रुमाल बांधलेला. शेजारी वहिनी, हातात नंबराची चिठ्ठी, चेहऱ्यावर घर सावरल्याचं समाधान.

*

दादा पत्र्याचं काम करायचा. गोदामांच्या छपरांवर पत्रे ठोकायचे, पन्हळी जोडायच्या, कथील वितळवून टाक्यांचे सांधे झाळायचे. तीस वर्षं तो छपरावर होता, म्हणजे वरून ऊन आणि खालून तापलेल्या पत्र्याची झळ, अशा दुहेरी भाजणीत. त्याच्या कानाच्या पाळीवर मोत्यासारखा चकाकता उंचवटा आला होता, मधोमध बारीक खड्डा पडलेला. तो सिस्टरनं आठ महिन्यांपूर्वी पहिल्यांदा पाहिला होता आणि पाहताक्षणी तो काय असेल ते ओळखलं होतं.

तिनं सांगितल्यावर दादा म्हणाला, पत्रा लागला असेल. दोन महिन्यांनी म्हणाला, ऊन बाधलं असेल. तिनं त्याला दवाखान्याचं माहितीपत्रक दिलं. त्यात लिहिलं होतं, की वेळेवर आलेले जवळजवळ सगळे रुग्ण पूर्ण बरे होतात. दादानं त्यातला "जवळजवळ" तेवढा वाचला. माझं नशीब तुला ठाऊक आहे चिमे, तो म्हणाला, मी त्या जवळजवळच्या बाहेरचाच निघणार.

चिमी हे तिचं घरातलं नाव. दवाखान्यात ती करड्या आवाजाची सिस्टर होती, पण दादानं चिमे म्हटलं की तिचा आवाज आपोआप खाली यायचा. आणि त्याच्या भीतीचं मूळ तिला ठाऊक होतं. त्यांचे वडील इस्पितळात स्वतःच्या पायांनी चालत गेले होते आणि परत आले ते चौघांच्या हातांवर. रोग वेगळा होता, आणि फार उशीर करून गेले होते. पण दादाच्या मनानं उशीर विसरून इस्पितळ तेवढं लक्षात ठेवलं होतं.

शहराचं म्हणाल, तर सिस्टरनं सहा महिने जीव तोडून सांगितलेल्या माहितीचं शहरानं आपापल्या सोयीनं काय करायचं ते केलं होतं. दवाखान्याच्या भिंतीवर तिनं मोठं चित्र लावलं होतं, रोग बळावल्यावर कातडीचं काय होतं ते दाखवणारं. परिणाम असा झाला, की लोक त्या भिंतीकडे पाठ करून बसू लागले. पोस्टमास्तरांनी ऊन येतं म्हणून आपली खुर्ची खिडकीपासून हलवली आणि संध्याकाळी त्याच उन्हात तीन तास मासे धरत बसले. न्हाव्यानं गिऱ्हाइकांच्या मानेवरचे तीळ मोजायला सुरुवात केली. सातच्या वर भरले की तो सहानुभूतीनं मालिश जास्त करायचा. शाळेतल्या एका बाईंनी रात्रंदिवस आरशासमोर उभं राहून स्वतःच्या अंगावर चौदा कर्करोग शोधले, पण त्यातला एकही दाखवायला त्या आल्या नाहीत, कारण डॉक्टर हो म्हणाले तर काय करायचं. छपरावरची पोरं म्हणाली, आमची कातडी भाजून पक्की झालीय, आता तिला काय होतंय.

आणि मग बंदरावरचा मुकादम वारला. तळपायावर एक काळा तीळ होता, तो वाढत गेला, त्यानं बूट एक नंबर मोठा घेतला आणि काम चालू ठेवलं. पन्नास वर्षांचा धडधाकट माणूस चार महिन्यांत गेला. तेव्हा शहर एकदम घाबरलं. सिस्टरला वाटलं, आता तरी येतील. पण महिनाभराच्या आत लेपबाबाची गाडी बर्फाच्या कारखान्यासमोर उभी राहिली, आणि भीती घेऊन कुठं जायचं हे लोकांना कळलं.

*

दुसऱ्या दिवशी बसचा ड्रायव्हर दवाखान्याच्या मागच्या दारानं आला. पुढच्या दारानं यायची त्याला लाज वाटत होती. नाकाशेजारी खड्डा पडला होता, आणि तो रात्रभर ठणकत होता. बाबाला सांगू नका, तो म्हणाला, त्यांचा माझ्यावर फार जीव आहे.

सिस्टर जखम धुऊ लागली. कडेला काळ्या खपलीचा एक तुकडा राहिला होता. तो चिमट्यानं उचलताना त्यातून पाय लोंबले. तिनं तो बशीत ठेवला, थोडं पाणी टाकलं आणि दिव्याखाली भिंग धरलं. पाय सुटे झाले. सोनेरी, खरखरीत, पीळ सुटलेले. दवाखान्यात औषधांची खोकी गोणपाटात शिवून यायची. गेली सोळा वर्षं ती कात्रीनं गोणपाट फाडत आली होती. गोणपाटाचा धागा तिनं डोळे मिटूनही ओळखला असता.

आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर त्या दिवशी होते. त्यांनी जखमेच्या कडा बोटानं चाचपल्या आणि ड्रायव्हरला बाहेर बसवून सिस्टरला सांगितलं, की हा लेप म्हणजे जाळणारं रसायन आहे. बहुतेक जस्ताचा क्षार. तो लावून पट्टी बांधली की दोन दिवसांत खालचं मांस जळतं, काळं पडतं आणि आठ-दहा दिवसांत गळून येतं. रोग असो नसो, जिथं लावाल तिथं जळणार. "ह्याच्या दुखण्याचं वरचं झाकण जळालंय," डॉक्टर म्हणाले. "आतली कड जशीच्या तशी आहे. आता वरून कातडी धरेल, लोक म्हणतील बरा झाला, आणि आत काम चालू राहील."

सिस्टरनं विचारलं की हे लोकांना सांगायचं कसं. डॉक्टरांनी खांदे उडवले. आपण सांगतच आलोय की, ते म्हणाले.

दादाला येत्या गुरुवारच्या पुढच्या गुरुवारचा नंबर मिळाला होता. तेरा दिवस होते. सिस्टर त्या रात्री नीट झोपली नाही, पण सकाळी उठली तेव्हा तिचं ठरलं होतं.

रविवारी ती दादाच्या घरी गेली. वाटेत पोस्टमास्तरांना बरोबर घेतलं, कारण त्यांच्या शब्दाला शहरात किंमत होती आणि लेपबाबावर त्यांची श्रद्धाही होती. दोन्ही गुण तिला हवे होते. जेवणाच्या टेबलाशी सगळे बसल्यावर तिनं डाव्या हाताची बाही वर केली आणि तिघांनाही हात नीट बघायला लावला. कोपरापासून मनगटापर्यंत कुठं डाग, तीळ, पुळी दिसते का? वहिनीनं चष्मा लावून पाहिलं आणि नाही म्हटलं. मग सिस्टरनं पिशवीतून औषधाची एक कांडी काढली. चिघळलेल्या जखमेवर टेकवायची ही कांडी. चुकून कातडीला लागली तर तिथं काळा डाग पडतो आणि आठ-दहा दिवस धुऊन जात नाही. कुठल्याही नर्सच्या बोटांवर असे डाग असतातच. तिनं कांडी ओली करून हातावर टेकवली आणि वेडावाकडा, वाटाण्याएवढा ठिपका काढला. तो बघता बघता काळा पडला.

"उद्या मी हा लेपबाबाला दाखवणार," ती म्हणाली. "तो काय म्हणतो ते बघू. आणि दादा, तुझ्या नंबराच्या दिवशी माझी पट्टी सुटेल. आधी माझी सुटू दे, मग तू बस. एवढंच मागते."

दादानं तिचा हात उजेडाकडे वळवून ठिपका पाहिला. मग म्हणाला, "आणि लेप खरंच शहाणा निघाला, तुझ्या हाताला काहीच झालं नाही तर?"

"तर मी स्वतः तुला त्याच्यापुढं बसवीन."

वहिनीनं सांगून पाहिलं की बाबांची परीक्षा घेऊ नये, ते चांगलं नसतं. पोस्टमास्तरांनीही मान हलवली. पण ठिपका काढलेला तिघांनी पाहिला होता, आणि आता तो न पाहिल्यासारखा करणं कुणालाच जमत नव्हतं.

*

सोमवारी सिस्टर रांगेत उभी राहिली, पण तिला उभं राहू देतं कोण. माईकवाल्यानं तिला ओळखलं आणि त्याचा चेहरा उजळला. दवाखान्याची सिस्टरसुद्धा आली, असं त्यानं तीनदा जाहीर केलं आणि तिला थेट ओट्यावर नेलं.

लेपबाबानं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. घाई केली नाही. तिला कसं वाटतं ते विचारलं, झोप लागते का विचारलं, घरात याआधी कुणाला दुखणं झालं होतं का विचारलं. वडिलांचं तिनं खरं ते सांगितलं. त्यानं मान हलवली, डोळ्यांत पाणी आणलं, भिंग ठिपक्यावर धरलं आणि बराच वेळ काहीच बोलला नाही.

त्या शांततेत सिस्टर घाबरली. ठिपका तिनं स्वतः काढला होता, कालच, भावाच्या जेवणाच्या टेबलावर. तरीही तो माणूस गप्प झाला तेव्हा तिला वाटून गेलं, की बाकी कुठं काही दिसलं की काय याला. आणि त्यानं हात थोपटून, घाबरू नको बाळ, मी आहे, असं म्हटलं, तेव्हा तिला चक्क बरं वाटलं. सहा महिन्यांत आपण एकाही माणसाचा हात असा धरला नाही, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. आपण चित्र लावलं, पत्रक दिलं, पाच मिनिटं सांगितली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

लेपबाबा माईककडे वळला. मूळ हाडापर्यंत गेलंय, तो म्हणाला. हाडाला वेढा घातलाय. आणखी एक महिना गेला असता तर हात गेला असता. इतकी वर्षं दवाखान्यात काम करून हिला स्वतःचा रोग कळला नाही, यात हिचा दोष नाही. त्यांची विद्याच तेवढी आहे. लोक हळहळले. सिस्टरनं मान खाली घातली, कारण तिला हसू आवरेना आणि रडूही येत होतं.

लेप लावला, वर घट्ट पट्टी बांधली आणि दोन दिवस सोडायची नाही अशी ताकीद मिळाली. संध्याकाळपर्यंत हात चुरचुरू लागला. मंगळवारी ती डाव्या हातानं पेला उचलू शकली नाही. डॉक्टरांनी पाहिलं आणि ते मनापासून चिडले. असला प्रयोग कुठल्या पुस्तकात लिहिलाय असं त्यांनी विचारलं. मग गुपचूप दुखण्यावरच्या गोळ्या तिच्या टेबलावर ठेवून गेले. दादा रोज संध्याकाळी येऊन पट्टीकडे बघायचा.  चौथ्या दिवशी पट्टी बदलताना त्यानं ठिपक्याच्या जागी रुपयाएवढा काळा टणक चट्टा आणि त्याभोवतीची लाल सूज पाहिली, आणि कानाला हात लावला.

*

गुरुवारी गर्दी नेहमीपेक्षा दुप्पट होती, कारण सिस्टरच्या हाडाभोवतीचं मूळ निघणार हे माईकवाल्यानं आठवडाभर गाजवलं होतं. पोस्टमास्तर आले होते. वहिनी आली होती. दादा नंबराची चिठ्ठी हातात धरून ओट्याच्या पायरीशी उभा होता.

लेपबाबानं पट्टी सोडली, चिमटा घातला आणि ओढलं. सिस्टरनं ओठ चावला. काळा गोळा निघाला. खाली सात पाय लोंबत होते. लेपबाबानं ते मोजून दाखवले आणि सांगितलं, की एवढं खोल मूळ त्यानं यंदा पाहिलं नव्हतं.

"ते माझ्या हातावर द्या," सिस्टर म्हणाली. त्यानं गोळा बरणीकडे नेला होता, पण पाचशे माणसं बघत असताना एका आजारी बाईला तिचंच मूळ नाकारणं त्याला जमलं नाही. तिनं ते तळहातावर घेतलं आणि माईक मागितला. माईकवाल्यानं आनंदानं दिला. त्याला वाटलं, ती आभार मानणार.

तिनं आवाज चढवला नाही. रविवारी आपल्या हातावर काहीही नव्हतं, हे तिनं सांगितलं. ठिपका कशानं काढला ते सांगितलं, कांडी दाखवली, आणि तो काढताना कोण कोण होतं तेही सांगितलं. लोकांच्या माना पोस्टमास्तरांकडे वळल्या.  त्यांनी आधी आपल्या चपलांकडे पाहिलं, मग म्हणाले की हो, मी पाहिलंय. डाग नव्हता. सिस्टरनं माझ्यासमोर काढला.

"म्हणजे ही औषधाच्या डागाची मुळं आहेत," सिस्टर म्हणाली. "सात." मग तिनं चिमट्यानं एक पाय सोडवला, पाण्याच्या पेल्यात बुडवला, दोन बोटांत धरून पीळ उलगडला आणि पहिल्या रांगेतल्या गोदामाच्या हमालाला दिला. त्यानं तो उजेडात धरला, दातांखाली ओढून पाहिला आणि निर्विकारपणे म्हणाला, गोणपाट आहे.

मागून कुणीतरी हसलं. लेपबाबा मात्र डगमगला नाही. तो म्हणाला, की शंकेखोर मनात रोग लपून बसतो. ठिपका खोटा असेल, पण त्याच्याखाली रोग होता, लेपानं तो हुडकला. चांगल्या कातडीला माझा लेप शिवत नाही, हे सगळ्यांनी रोज पाहिलंय. आणि त्यानं पुन्हा तळहातावर लेप थापून मूठ मिटली.

तेव्हा दादा पायरी चढून वर आला. त्यानं डब्यातल्या लेपात एक काडी बुडवली. खिशात त्याच्या कामाचा जस्ती पत्र्याचा तुकडा होता आणि झाळण्याची कथलाची लहान कांब. त्यानं काडीचा लेप त्या तुकड्यावर फासला, विडी पेटवायचा लायटर खाली धरला आणि कांब टेकवली. कथील पाण्यासारखं पसरलं आणि पत्र्याला घट्ट चिकटलं.

"हे माझं रोजचं झाळायचं पाणी आहे," तो म्हणाला. त्याला माईकची सवय नव्हती, आवाज चिरकत होता. "आम्ही पन्हळी जोडताना लावतो, ह्याच्याशिवाय कथील पत्र्याला धरत नाही. अॅसिडात जस्ताचे तुकडे मारून करतात. ह्यात काजळी घातलीय, चिकटायला पीठ आणि गोणपाटाचे धागे. मी रोज चिमीची पट्टी बघत होतो, आणि चौथ्या दिवशी मला ते ओळखू आलं. माझ्या मोज्यात एकदा ह्याचा थेंब राहिला होता, संध्याकाळपर्यंत. कातडीला असंच भोक पडलं होतं. काळं होऊन गळलं. मिनिटभर ठेवलं तर काही होत नाही. आम्ही पुसून टाकतो, तसंच हे पुसतात."

सिस्टरनं ताजी पट्टी उघडली आणि लेपबाबापुढं धरली. "दोन दिवस," ती म्हणाली. "तुमच्या चांगल्या कातडीवर. आम्ही सगळे इथं बसून राहू."

लेपबाबाची मूठ तोपर्यंत मिटलेली होती. एवढ्या वेळात मिनिट केव्हाच उलटून गेलं होतं. त्यानं ती झटकन उघडली आणि सदऱ्याला खसाखसा पुसली, पांढऱ्या स्वच्छ सदऱ्याला, माईकवाल्यानं टॉवेल पुढं करायच्या आत. मग त्यानं जाहीर केलं, की ज्या जागी अविश्वास आला तिथं लेपाची शक्ती उरत नाही, आणि आजचं काम बंद. शनिवारी त्याची गाडी गेली. बरण्या मागेच राहिल्या. आरोग्य खात्याच्या माणसांनी त्या उघडल्या तेव्हा सगळ्यांत गोणपाटाचे धागे निघाले; एकीतल्या गोणपाटाच्या तुकड्यावर तर गोदामाच्या शिक्क्याचं निळं अक्षरसुद्धा होतं.

*

सगळे लगेच शहाणे झाले असं मात्र नाही. बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं, की बाबा खरा होता, माईकवाला लबाड होता. शाळेतल्या बाई म्हणाल्या, निदान तो ऐकून तरी घ्यायचा. या बोलण्यावर सिस्टर रागावली नाही. ती पहिल्यांदाच गप्प बसून ऐकत राहिली आणि मग बाईंना म्हणाली, चौदाही डाग दाखवा, मी एकेक बघते. तासभर लागला. तेरा निव्वळ डाग होते. चौदाव्यासाठी डॉक्टरांना बोलवावं लागलं; तो खरा निघाला, पण वेळेवर सापडला.

ड्रायव्हरच्या नाकाची एक बाजू डॉक्टरांना काढावी लागली. तो वाचला, बस चालवतो, पण आरशात मागची बस बघताना स्वतःकडे बघायचं टाळतो.

दादाचं ऑपरेशन त्याच महिन्यात झालं. इस्पितळाच्या दारात त्याचे पाय थांबले. सिस्टरनं त्याचा हात धरला आणि काहीच सांगितलं नाही. आकडे नाहीत, पत्रक नाही. दोघं पायरीवर बसून राहिली, तो स्वतः उठेपर्यंत. कानाची पाळी थोडी गेली. कडा साफ निघाल्या, आणि संध्याकाळी तो स्वतःच्या पायांनी घरी आला.

दवाखान्याच्या भिंतीवरचं ते भयंकर चित्र सिस्टरनं काढून टाकलं. त्या जागी खुर्ची ठेवली, उजेडाचा दिवा आणला आणि बुधवारची दुपार मोकळी ठेवली. पहिल्या बुधवारी दादा छपरावरच्या आपल्या सहा गड्यांना घेऊन आला. ते दारातच घुटमळले. एक जण म्हणाला, काही निघालं म्हणजे, त्याची भीती वाटते.

"वाटणारच," सिस्टर म्हणाली. "मलाही वाटली होती, आणि माझा ठिपका तर खोटा होता. भीती वाटली म्हणून कुणी मूर्ख ठरत नाही. पण भीती वाटली की माणूस जो पहिला हात धरेल त्याच्याबरोबर जातो, आणि हात धरणाऱ्याला फक्त दोन गोष्टी विचारा. हे औषध चांगल्या कातडीवर काय करतं ते मला दाखवशील का? आणि तू चुकलास तर ते मला कळणार कसं? जो ह्यावर चिडेल त्याच्याकडून उठून या. मी चुकले तर डॉक्टर आहेत, डॉक्टर चुकले तर तपासणीचा कागद आहे. घाबरा, पण इथं येऊन घाबरा."

मग तिनं दिवा लावला आणि सगळ्यात मागे उभ्या असलेल्या गड्याला पुढं बोलावलं. सदरा काढून उजेडाकडे पाठ कर, ती म्हणाली, आणि काम सुरू केलं.